तिसरा माणूस

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या काही कॉल सेंटरांवर एका रात्रीत छापे घातले. सातशेहून अधिक मुलंमुली तिथे सापडली, बहुतेक विशीतली. आपल्याकडे दिवस मावळला की त्यांचं काम सुरू व्हायचं, कारण तेव्हा अमेरिकेत सकाळ झालेली असायची. अमेरिकी नाव घ्यायचं, तसेच उच्चार काढायचे आणि तिथल्या माणसाला फोन लावायचा. मी आयआरएसमधून, म्हणजे आयकर खात्यातून बोलतोय. तुमचा कर थकलाय, तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय, अर्ध्या तासात पोलीस दारात येतील. यातून सुटायचं असेल तर जवळच्या दुकानात जा, गिफ्ट कार्डं विकत घ्या, मागची पट्टी खरवडा आणि खालचे आकडे मला वाचून दाखवा.

मी तेव्हा ठाण्यातल्या एका सहकारी बँकेत काउंटरवर बसत होते. दुसऱ्या दिवशी डबे उघडले आणि विषय निघाला तो हाच. कर काय कोणी गिफ्ट कार्डाने भरतं? एवढी प्रगत माणसं, त्यांना हे कळू नये? सगळे हसत होते. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना, कारण तेवीस-चोवीस वर्षांच्या नोकरीत मी घाबरलेली माणसं काचेपलीकडून पुष्कळ पाहिली होती. घाबरलेला माणूस सही करायची जागा विसरतो, स्वतःचा खाते क्रमांक विसरतो. त्याला मूर्ख म्हणणं मला कधी जमलं नाही.

पुढे या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचत गेले, तेव्हा एका बारीक गोष्टीपाशी थांबले. फोन करणारा समोरच्याला फोन ठेवूच द्यायचा नाही. घरातून गाडीत, गाडीतून दुकानात, खिशातला फोन चालूच. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, एवढी कार्डं कशाला, तर काय सांगायचं हेही पढवलेलं असायचं: नातवंडांना भेट द्यायची आहेत. म्हणजे या सगळ्या व्यवहारात त्या भामट्याला भीती कशाची होती? अमेरिकी पोलिसांची नव्हती, ते हजारो मैलांवर होते. त्याला भीती होती गल्ल्यावरच्या त्या मुलीची. तिने सहज म्हणून केलेल्या एका चौकशीची. दोघांच्या बोलण्यात तिसरा माणूस शिरला की त्याचा खेळ संपत होता.

गिफ्ट कार्डच का, तेही इथे सांगायला हवं. बँकेतून पैसे पाठवले तर मागे माग राहतो: कुठल्या खात्यातून, कुठल्या खात्यात, किती वाजता. गिफ्ट कार्ड म्हणजे नाव नसलेली रोकड. आकडे ज्याच्या हाती, पैसे त्याचे. फोनवर सोळा आकडे वाचून होतात न होतात तोच पलीकडे कोणीतरी ते वापरून टाकतं किंवा कमी भावात विकून मोकळं होतं. कार्ड तुमच्याच हातात राहतं, रिकामं. म्हणून कोणतंही सरकारी खातं, पोलीस, न्यायालय, वीज कंपनी, बँक कधीही गिफ्ट कार्ड मागत नाही. ज्याने मागितलं तो चोर, इतकं सरळ आहे हे. आणि आकडे चुकून दिलेच असतील तर कार्ड फेकू नये. कार्ड आणि बिल हातात धरून, ज्या कंपनीचं कार्ड आहे तिला आधी कळवावं. रक्कम अजून खर्च झाली नसेल तर ती तिथेच अडवता येते.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने साठेक आरोपींवर खटला भरला. त्यात अहमदाबादची कॉल सेंटरंही होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या साथीदारांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. त्या कागदपत्रांत एक गोष्ट अशी होती की आपल्या माणसांनी ती लक्षात ठेवावी. हे लोक नुसते आयकरवाले बनत नव्हते, तर इमिग्रेशन अधिकारी बनूनही फोन करत होते आणि स्थलांतरितांना देशाबाहेर काढण्याची धमकी देत होते. माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. त्या काळात तिलाही असा फोन आला होता. व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं, नवरा कामावर, धाकटं मूल मांडीवर. ती म्हणाली, "ताई, मला पहिल्यांदा वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं असणार." शेजारची गुजराती बाई नेमकी वाटी मागायला आली आणि तिने हातातून फोन घेऊन बंद केला, म्हणून निभावलं.

आता थोडं काउंटरविषयी. बँकेचं काउंटर म्हणजे पैसे देण्याघेण्याची जागा, असं सगळे समजतात. माझ्या मते ती विचारपूस करायची जागा होती. पूर्वी परदेशी लॉटरीच्या पत्रांचा आणि मेसेजचा सुळसुळाट झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमचे एक जुने खातेदार, गिरणीतून निवृत्त झालेले, मुदत ठेव मोडायला आले. एवढी जुनी ठेव, व्याज बुडणार, म्हणून मी विचारलं, "काय काढलंत आजोबा, घरात लग्न आहे का?" ते म्हणाले, लंडनची लॉटरी लागलीय, आधी टॅक्स भरायचाय. मी त्यांना आत साहेबांकडे नेऊन बसवलं, चहा मागवला आणि मुलाला फोन लावला. आजोबा भयंकर चिडले. माझा पैसा, तुम्ही कोण विचारणाऱ्या, म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते माझ्या खिडकीशी येत नसत, शेजारच्या रांगेत उभे राहत. पण ठेव शाबूत राहिली.

मीरा रोडचे छापे पडले त्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, यूपीआय सुरू झालं. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि बघता बघता भाजीवालीच्या टोपलीवर क्यूआर कोड दिसू लागला. मला यूपीआयचा फार अभिमान वाटतो. कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये सुट्ट्याच्या वादाशिवाय देता येतात, गावाकडच्या आईच्या खात्यात मुलगा रात्री बाराला पैसे टाकू शकतो, ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी बँकेच्या रांगा पाहिल्यात त्यांना ती नीट कळते. पण या सोयीत ती खिडकी गेली. चौकशी करणारी, वेळ खाणारी, कधी नकोशी वाटणारी बाई गेली. पैसे आणि माणूस यांच्यामध्ये आता फक्त एक पिन उरला. मीरा रोडच्या मुलांना दुकानातल्या मुलीला चुकवण्यासाठी जी खटपट करावी लागत होती, तिची गरजच राहिली नाही.

आणि मग ती स्क्रिप्ट परत आपल्याच घरी आली.

डिजिटल अरेस्ट म्हणतात ते नवीन काही नाही. तोच वॉरंटचा धाक, तोच "फोन ठेवू नका"चा हुकूम, फक्त आयआरएसच्या जागी सीबीआय, ईडी, मुंबई पोलीस आले आणि गिफ्ट कार्डाच्या जागी आरटीजीएस, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम पाठवायची सोय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा घडलाय, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलिसांचं बोधचिन्ह. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासमोर तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली गेली, सरन्यायाधीशांचं सोंग घेऊन. त्यांचे सात कोटी रुपये गेले. आयुष्यभर उद्योग चालवलेला, वकिलांची फौज हाताशी असलेला माणूस. तो फसू शकतो, तर शिक्षणाचा आणि हुशारीचा इथे काय संबंध? त्या दोन दिवसांत त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसेल असा कोणी नव्हता, एवढंच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की डिजिटल अरेस्ट अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीप्रमाणे त्या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले, आदल्या वर्षीच्या तिपटीहून जास्त. मी बँकेतली आहे, मला मोठे आकडे वाचायची सवय आहे. तरी हा आकडा वाचताना मला त्यातल्या मुदत ठेवीच दिसत राहतात, एकेकीची पावती, एकेकीची तारीख.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक बाई आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या बाबतीत हे घडलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. सकाळी दहाला फोन आला. खोलीचं दार लावून घ्या, फोन चार्जरला लावा, कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कोणाला सांगितलंत तर तेही सहआरोपी होतील. सून दारावर टकटक करून गेली. बाई म्हणाल्या, डोकं दुखतंय. दुपारी त्यांना ठेव मोडायला बँकेत पाठवलं आणि तिथे काय बोलायचं तेही सांगितलं: घराची दुरुस्ती काढली आहे. पैसे "रिझर्व्ह बँकेच्या तपासणी खात्यात" जाणार होते आणि दोन दिवसांनी परत येणार होते. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म घेतला, सह्या तपासल्या, पैसे गेले. त्याने एकदा मान वर करून विचारलं असतं तर? पण त्याच्यामागे टोकनची रांग होती आणि त्याला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. २०२४ मध्येच हैदराबादला स्टेट बँकेच्या एका शाखेत ठेव मोडायला आलेल्या ज्येष्ठ ग्राहकाला कर्मचाऱ्यांनी असंच थांबवून बोलतं केलं आणि त्यांची पुंजी वाचली. विचारलं तर वाचते.

बाईंनी संध्याकाळी मुलाला सांगितलं. मुलगा पहिलं वाक्य बोलला ते असं: "आई, तू मुख्याध्यापिका होतीस ना?"

त्या वाक्यानंतर बाई रात्रभर गप्प राहिल्या. तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मला त्या मुलाचा राग येतो आणि कीवही येते, कारण तोही घाबरलाच होता. पण त्या रात्रीची किंमत केवढी होती ते मी बँकेच्या बाजूने सांगते. चोरलेली रक्कम ज्या खात्यात जाते ते बहुधा कोणा गरजू पोराचं असतं, चार-पाच हजारांवर भाड्याने दिलेलं. तिथून ती काही मिनिटांत पाच-दहा खात्यांत फुटते, त्यांतून आणखी, आणि शेवटी एटीएममधून रोख निघते किंवा क्रिप्टोत जाते. १९३० या क्रमांकावर फोन केला की तक्रार एकाच वेळी पोलीस आणि बँका यांच्या जोडलेल्या यंत्रणेत पडते आणि पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथे ते गोठवायचा प्रयत्न होतो. पैसे खात्यात असतील तोवरच ते गोठतात. म्हणून पहिला तास मोलाचा. फोन करताना आपल्या बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ आणि मेसेजमधला यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक समोर ठेवावा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. बाईंची थोडी रक्कम एका खात्यात अडकून राहिली होती, ती पुढे न्यायालयामार्फत परत मिळाली. बाकीची सकाळपर्यंत निघून गेली होती.

लेखी कळवण्यालाही अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असं ठरलं की चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला काही सोसावं लागू नये. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं कामही बँकेवर टाकलेलं आहे. म्हणजे लाजून घालवलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो.

बाई मला एकदा म्हणाल्या, "मला लोभ सुटला असता तर स्वतःची लाज वाटली असती. मी तर कायदा पाळत होते हो." मला वाटतं, हे ऐकल्यावर कोणी त्या पिढीला भोळी म्हणू नये. पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, सरकारी कागदाला उत्तर द्यावं, अधिकाऱ्याशी नम्रपणे बोलावं असं ज्यांना लहानपणापासून शिकवलं, त्यांच्या नेमक्या त्या चांगुलपणावर हा घाव आहे.

तरुण सुरक्षित आहेत असंही नाही, त्यांच्यासाठी धाक वेगळा. माझी भाची हिंजवडीत नोकरीला लागली, त्या पहिल्याच आठवड्यात तिला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. फोटो कंपनीच्या मोठ्या साहेबांचा. मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, ग्राहकांना द्यायला गिफ्ट व्हाउचर हवीत, लगेच घेऊन कोड पाठव, पैसे संध्याकाळी मिळतील. नवी नोकरी मिळाल्याचं पोरांनी समाजमाध्यमांवर टाकलेलं असतंच, तिथूनच हे लोक नावं उचलतात. "फोन करू नकोस" हे वाचताच भाची उठली आणि शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला फोन दाखवला. तिथेच ते मिटलं. पण हे फक्त नव्या पोरींना होतं असं कोणी समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तिचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या अशाच व्हॉट्सॲप संदेशांवरून एक कोटीहून जास्त रक्कम अनोळखी खात्यांत पाठवली गेली होती. व्हाउचरच्या प्रकारात तर आणखी अडचण अशी की खरेदी तुम्ही स्वतः, स्वतःच्या पिनने, खऱ्या दुकानातून केलेली असते. बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार निर्मळच.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते, कारण त्यांचं मर्म एकच आहे. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" हा मेसेज महावितरणच्या ग्राहकांना २०२२ मध्ये सर्रास येत होता. साडेनऊ का? तर त्या वेळी कार्यालय बंद आणि विचारायला कोणी नाही. जुना सोफा विकायला काढला की लष्करातला म्हणवणारा गिऱ्हाईक क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, स्कॅन करा, पैसे येतील. पैसे यायला स्कॅन लागत नाही आणि पिन तर नाहीच. खात्यातली शिल्लक बघणं सोडलं, तर पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. माणसामाणसांत पैसे मागण्याची "कलेक्ट" विनंती ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाली, त्याचं कारण हीच फसवणूक. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल उघडू नये, ती फोनच दुसऱ्याच्या हाती देते. बँकेचं म्हणून जे सेवेचे फोन येतात ते १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावेत असं आता ठरलेलं आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याशी बोलायचंच कशाला?

हे सगळं मी संघात सांगत होते आणि लोक वह्यांत उतरवून घेत होते. पण मला काळजी वेगळीच होती. प्रत्यक्ष फोन आल्यावर वही उघडायला वेळ कुठे असतो? भीती आली की माहिती आठवत नाही, माणूस आठवतो. म्हणून आम्ही माहितीचा नाद थोडा कमी केला आणि माणूस नेमायचं ठरवलं. प्रत्येक सभासदाने एक नाव ठरवायचं, घरातलं किंवा घराबाहेरचं, आणि त्या व्यक्तीला तसं सांगून ठेवायचं. पैसे पाठवायला कोणीही, कोणत्याही कारणाने सांगितलं, तर आधी फोन कापायचा आणि त्या व्यक्तीशी बोलायचं. समोरचा खरा अधिकारी असेल तर त्याला अर्ध्या तासाने काही फरक पडत नाही. ज्याला पडतो, त्याला पडू द्यावा.

ज्याला नेमलं त्यालाही एक अट घातली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. "तुला कळलं कसं नाही" हे वाक्य उच्चारायचं नाही. फसल्याचं सांगायला कोणी आलं तर आधी १९३० लावायचा, मग पाणी द्यायचं, आणि बोलणं-रागावणं असेल ते महिनाभराने. काही मुलांना हे पटलं नाही. आई-बाबांचे फोनच काढून घेतो म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले. ज्या माणसाने पै-पै साठवून घर उभं केलं त्याच्याकडून त्याचा पैसा काढून घेणं हा काय उपाय झाला? शिवाय त्यानंतर तो माणूस तुम्हाला काही सांगायलाच येणार नाही.

ज्यांना नेमण्यासारखं कोणीच नाही, असे सभासद निघाले. मुलं परदेशात, शेजार नवा. हे मला आधी सुचायला हवं होतं असं नाही, पण त्या दिवशी सभागृहात हात वर झाले तेव्हा फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी संघाचा एक फोन ठेवला. सकाळी अकरा ते एक तो उचलायचं काम मुख्याध्यापिका बाईंनी स्वतःहून मागून घेतलं. त्या फोनवर बाई आवाज चढवत नाहीत, आधी नाव विचारतात, मग म्हणतात, आता शांतपणे सगळं सांगा. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी लिंक आल्याचे फोन फार येतात. परवा एक काका म्हणत होते, लिंक नाही उघडली तर पेन्शन थांबेल असं लिहिलंय. बाईंनी त्यांना सांगितलं की दाखला बँकेत जाऊन देता येतो, जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर देता येतो, पोस्टमन घरी येऊनही करून देतो. काका कुरकुरले, गुडघे दुखतात म्हणाले. बाईंनी त्यांच्या भागातल्या पोस्टाचा नंबर शोधून दिला आणि दुपारी झालं का विचारायला पुन्हा फोन केला.